बाबांच्या गटाची सूत्रं तरुण पालकांकडे सोपवताना

कोल्हापुरात रविवारी सकाळी मुलांना घेऊन रंकाळा तलावावर जायचं, सुट्टीत पन्हाळा-जोतिबा करायचा, घरच्या बाईमाणसाला एक सकाळ मोकळी द्यायची आणि आपल्या पोरांशी आपली ओळख वाढवायची, एवढ्याच हेतूनं पेठेत किंवा कॉलनीत चार बाप एकत्र येतात आणि बघता बघता त्याचा गट होतो. दहा-बारा वर्षं तो छान चालतो. मग सुरुवात करणाऱ्यांची मुलं बारावीला जातात, पुण्याला शिकायला जातात, आणि गटात बालवाडीतल्या मुलांचे बाप येऊ लागतात. आता गट चालवायचा कुणी, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. ज्यांना पहिल्यांदाच जबाबदारी सोडायची आहे आणि ज्यांना ती पहिल्यांदाच घ्यायची आहे, अशा दोघांसाठी हे लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. काम आधी द्यायचं, पद सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटं होतं. सभा भरते, हार घालतात, नवा अध्यक्ष जाहीर होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला बसवाल्याचा नंबरसुद्धा माहीत नसतो. तो महिनाभर जुन्यांना फोन करतो, जुने म्हणतात, "राहू दे, मीच बघतो," आणि सहा महिन्यांत कारभार होता तिथंच परत येतो. मग "आजकालच्या पोरांना जबाबदारी नको असते" असा शेरा मारला जातो. हा शेरा अन्यायाचा आहे. त्या पोरांना जबाबदारी मिळालेलीच नसते, नुसतं नाव मिळालेलं असतं.

आपल्या गावाला याचं उदाहरण बाहेर शोधायला नको. शाहू महाराजांचं दत्तकविधान १७ मार्च १८८४ रोजी झालं आणि राज्यकारभाराची सूत्रं त्यांच्या हाती आली २ एप्रिल १८९४ रोजी. मधल्या दहा वर्षांत राजकोटला आणि धारवाडला शिक्षण झालं, कारभाराची ओळख झाली. सूत्रं हाती आली तेव्हा त्यांना वयाची वीस वर्षंही पुरी झालेली नव्हती. पुढं वसतिगृहं, १९१७चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा, ही सगळी कामं आपण अभिमानानं सांगतो. त्याच्या मागची तयारीची वर्षं मात्र सांगायची राहतात. आपल्या गटाला दहा वर्षं लागणार नाहीत. एक वर्ष नीट वापरलं तर पुरतं.

पायरी १ : वेळ झाली हे ओळखा

गट सोपवायची वेळ झाली का, हे तुमच्या वयावरून ठरवू नका, रविवारच्या सकाळीच बघा. तुम्ही मुलाशिवाय एकटेच यायला लागलात तर वेळ झाली. ग्रुपवर तेच तीन जण लिहितात आणि बाकीचे नमस्काराचं चित्र टाकून मोकळे होतात, तर वेळ झाली. नवे बाप मुलाला सोडून कठड्यावर मोबाईल बघत बसतात, तर वेळ कधीच होऊन गेली आहे. त्यांना आळशी म्हणू नका. बस, नाश्ता, खेळ, फोटो, सगळं आपणच ठरवून आलेलो असतो. त्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आणखी एक, थकेपर्यंत थांबू नये. थकलेला माणूस घाईनं सोपवतो, आणि घाईत जो पहिला "हो" म्हणेल त्याच्या गळ्यात माळ पडते.

पायरी २ : दिवाळी ते जून असं वर्ष आखा

कोल्हापूरच्या वर्षाचा स्वतःचा एक वेग आहे, तो धरून चाला. दिवाळीनंतर थोडी उसंत असते. सहलींचे दिवस तेव्हाच सुरू होतात. म्हणून काम सोपवायला दिवाळीनंतर सुरुवात करावी. ३१ मार्चला हिशेबाचं वर्ष संपतं, म्हणजे एप्रिलमध्ये जमाखर्च स्वच्छ मांडता येतो. सर्वसाधारण सभा शक्यतो एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या. मे महिन्यात निम्मे लोक गावाला गेलेले असतात. शाळा जूनमध्ये उघडतात आणि २६ जूनला शाहू जयंती येते. नव्या मंडळींनी स्वतःच्या हिमतीवर करायचा पहिला कार्यक्रम त्या दिवशी ठेवला, तर त्यांना तयारीला दोन महिने मिळतात आणि गावाचं वातावरणही साथ देतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र काहीही बदलू नका. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ आणि २०२१ सालच्या पुरात आपण काय बघितलं ते सांगायला नको. अशा दिवसांत बाबांचा गट सहलीचा गट राहत नाही. सुतारवाड्यात, कुंभार गल्लीत, दुधाळीच्या बाजूला कुणाचं घर आहे, कुणाकडं तान्हं मूल आहे, कुणाच्या वडिलांना उचलून न्यावं लागेल, हे ज्याला तोंडपाठ आहे असा माणूस त्या वेळी फोनवर हवा. ते पाठ व्हायला नव्यांना निदान एक उन्हाळा द्या. पाठोपाठ गणपती येतात आणि तरुण मंडळी रात्र रात्र आपापल्या मंडळांत अडकतात.

मंडळांचा विषय निघालाच आहे तर, तिथलं एक चांगलं घेण्यासारखं आहे. बऱ्याच मंडळांत दर वर्षी नवा उत्सव अध्यक्ष असतो. पोरगं पंचविशीतलं असतं, पण काम निभावतं. कारण काम किती दिवसांचं आहे, कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे त्याला माहीत असतं, आणि आधीची चार वर्षं त्यानं वर्गणी, मांडव, मिरवणूक सगळीकडं हात लावलेला असतो. आपल्या गटातलं कामही असंच, सुरुवात आणि शेवट दिसेल इतकं छोटं करून द्यावं लागतं.

पायरी ३ : डोक्यातलं वहीत उतरवा

जुन्या माणसांना वाटतं, "यात लिहायचं काय? दर वर्षी तर करतो." पण दर वर्षी करणाऱ्यालाच ते सोपं वाटतं. दोनशे पानी वही घ्या आणि प्रत्येक कार्यक्रमाला एक पान द्या. भाषा कशीही चालेल, घरच्या बोलीत लिहा. साधारण असं पान व्हावं:

"मसाई पठार. पाचवीच्या पुढची मुलं. पन्हाळ्याच्या बाजूनं वर जायचं. पठारावर सावली नाही, पाणी मिळेल असं धरायचं नाही, प्रत्येकाचं पाणी घरून. ऊन चढायच्या आत परत. मोजणी चार वेळा : बसमध्ये चढताना, पठारावर पोचल्यावर, नाश्ता झाल्यावर, परत बसमध्ये. मोजणारा माणूस एकच, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. एक बाप सगळ्यांच्या पुढं, एक सगळ्यांच्या मागं. मागच्याच्या मागं कुणी राहायचं नाही. बसवाल्याला निम्मे पैसे आधी, निम्मे परत आल्यावर. टोप्या जास्तीच्या घ्याव्यात, कोण ना कोण विसरतंच."

एवढं पुरे. अशी आठ-दहा पानं झाली की गटाचं निम्मं काम कागदावर आलं.

पानाच्या खाली "असं का?" म्हणून दोन ओळी जरूर लिहा. नियम लिहिला आणि कारण लिहिलं नाही, तर पुढचा माणूस एक तर तो डोळे झाकून पाळतो नाही तर डोळे झाकून मोडतो. रंकाळ्यावर पाच वर्षांखालच्या मुलाचा हात बापानंच धरायचा, दुसऱ्याच्या बापाकडं सोपवायचा नाही, असा नियम असेल तर त्याचं कारण लिहा: पाण्याच्या काठाला "तुझ्याजवळ असेल असं वाटलं" ही चूक सुधारायला वेळ मिळत नाही. कारण कळलेला माणूस हा नियम कळंबा तलावावरही लावेल आणि राजाराम तलावावरही. मसाई पठाराला सकाळी सहालाच निघायचं, यामागं ऊन आहे. ते कळलं की पावसाळी हवेत तो सात वाजताही निघेल. त्याला तेवढं स्वातंत्र्य मिळायलाच हवं.

वहीत न लिहायच्या गोष्टी

ही पायरी कुठल्याच यादीत नसते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आपल्याकडं पुरुष माणूस पोरांविषयी बोलतो ते मार्कांपुरतं. "पोरगा माझ्याशी बोलतच नाही," हे वाक्य पन्नाशीतल्या माणसाच्या तोंडून बाहेर यायला वर्षानुवर्षं लागतात, आणि ते बाहेर येतं ते असल्याच एखाद्या रविवारी, मुलं पुढं पळत असताना, शेजारी चालणाऱ्या दुसऱ्या बापाजवळ. गटात एखादा असतो ज्याची बायको गेली आहे आणि मुलीची वेणी घालायला तो शिकला आहे. एखाद्याचं मूल उशिरा बोलायला लागलं म्हणून घरात रोज वाद आहेत. एखाद्याची नोकरी गेली आहे आणि सहलीची वर्गणी मागितली तर तो सहलीलाच येणार नाही. जुन्या मंडळींना हे माहीत असतं आणि ती गुपचूप सांभाळून घेतात. एकाची वर्गणी परस्पर भरली जाते, एकाच्या मुलीला नाचाच्या स्पर्धेत कुणाची तरी काकू तयार करते.

नवी मंडळी आली आणि त्यांना हे माहीत नसलं, तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी दुखावतं. म्हणून हे सोपवायचंच, पण कागदावर नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही. आधी त्या बापाला विचारा. "आता गट हे दोघं बघणार आहेत. तुझं त्यांना सांगू का, की तूच सांगतोस?" तो नको म्हणाला तर विषय तिथंच संपला. त्याच्यापुरता तुम्ही त्याचा मित्र म्हणून राहा, गटाशी त्या गोष्टीचा संबंध नाही. हो म्हणाला तर तिघांनी चहा घ्या आणि त्याच्यासमोरच सांगा. पाठीमागं सांगितलेली गोष्ट सहानुभूतीची असली तरी चुगलीसारखी फिरते.

पायरी ४ : माणसं शोधा, तीही जोडीनं

"अध्यक्ष कोण होणार?" असं सभेत विचारलं की सगळे खाली बघतात. तो प्रश्नच विचारू नका. आधी बघत राहा. कार्यक्रम संपल्यावर "ही पातेली कुणाच्या घरी पोचवायची?" असं विचारणारा एक असतो. दुसऱ्याचं मूल रडत असलं की आपण होऊन खाली बसून त्याच्याशी बोलणारा एक असतो. भाषण करणारा यांच्यापेक्षा वेगळा असतो. तोही हवा, पण तो नंतर मिळतो.

एकट्याला कधी सांगू नका, दोघांना सांगा. आजच्या तरुण बापाचा दिवस आपल्यासारखा नाही. कुणी शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत पाळीत काम करतो, कुणाचं दुकान रविवारीच जास्त चालतं, कुणी घरून पुण्या-बंगळुरूच्या कंपनीचं काम करतो आणि त्याची मीटिंग रात्री संपते. एकाला जमलं नाही तर दुसरा, ही सोय नसेल तर दोन महिन्यांत त्याच्या घरात कुरबूर सुरू होते. बाबांच्या गटामुळं बाबा घरी नसतो, हे काही बरं नाही.

विचारायला घरी जा. फोनवर किंवा ग्रुपवर विचारलेलं "बघू" या शब्दावर संपतं. आणि मोघम विचारू नका. "गट सांभाळशील का?" याला कुणीही नाहीच म्हणेल. "डिसेंबर-जानेवारीच्या दोन सहलींची बस तू आणि तो, दोघांनी बघायची. आठवड्याला तासभर. फेब्रुवारीत नको वाटलं तर सोडायचं, कुणी विचारणार नाही," असं सांगा. तरी उत्तर बहुधा ठरलेलं येतं: "काका, तुम्ही आहात तोवर आम्ही कशाला?" हे आदरानं म्हटलेलं असतं. पण ते ऐकून सुखावून परत येऊ नका. म्हणा, "मी आहे तोवरच शिकून घे बाबा, नंतर कुणाला विचारशील?"

दोन गोष्टींची काळजी घ्या. संस्थापकाचा भाचा, पुतण्या म्हणून कुणाला पुढं करू नका. तो लायक असला तरी बाकीच्यांना वाटतं की सगळं आधीच ठरलं होतं. आणि निवडणुकीचे वारे वाहत असताना अचानक गटात रस घेणाऱ्यापासून सांभाळा. राजकारण वाईट म्हणून हे सांगत नाही, कोल्हापुरात राहून राजकारण टाळता येत नाही. पण मुलांच्या कार्यक्रमाच्या फलकावर कुणाही नेत्याचा फोटो लागणार नाही, एवढं जुन्या-नव्यांनी मिळून आधीच ठरवावं आणि ठराव करून लिहून ठेवावं. एकदा फोटो लागला की निम्मे पालक यायचे थांबतात.

पायरी ५ : एकेक काम सोडा, आणि खरंच सोडा

क्रम मी असा सुचवेन. आधी बस आणि नाश्ता, मग खेळ आणि कार्यक्रमाची आखणी, मग पालकांना निरोप देणं, आणि पैसे शेवटी. प्रत्येक काम पहिल्यांदा तुम्ही करा आणि त्यांनी बघावं, दुसऱ्यांदा दोघांनी मिळून, तिसऱ्यांदा त्यांनी करावं आणि तुम्ही तोंड मिटून बसावं.

तिसरी वेळ अवघड जाते. तालमीत पोरं लढत असताना वस्ताद लाल मातीच्या हौदाच्या काठावर उभा राहतो, उठसूट मध्ये उतरत नाही. तसं उभं राहायला शिकावं लागतं. नाश्ता अर्धा तास उशिरा आला, पोहे कमी पडले, गाणं लागलं नाही, यातलं काहीही झालं तरी गप्प बसा. पोहे कमी पडले की पुढच्या वेळी ते स्वतःच किलोभर जास्त सांगतात.

मध्ये पडायचं ते एकाच कारणासाठी, मुलांच्या जिवाला धोका असेल तर. पाणी, रस्ता, आग, उंची आणि मोजणीत कमी आलेलं मूल. यातलं काही दिसलं तर वय, मान, पद काही न बघता ओरडा. ही हद्द आधीच मोकळेपणानं सांगून ठेवली की तरुणांनाही बरं पडतं. काका कधी बोलतील आणि कधी नाही, हे त्यांना कळतं.

चुकलं तर चारचौघांत बोलायचं नाही. संध्याकाळी फोनही नको. दोन दिवसांनी त्यांनाच विचारा, "तुला काय वाटलं, कसं झालं?" बहुतेक वेळा तुमच्या मनातली यादी तेच वाचून दाखवतात.

पायरी ६ : पैसे आणि कागद

आधी एक साधी गोष्ट तपासा. वर्गणी ज्या क्यूआर कोडवर येते तो कुणाच्या खात्याचा आहे? बहुधा तो खजिनदाराच्या स्वतःच्या बचत खात्याचा निघतो. तो कोड पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला असतो, जुन्या मेसेजमध्ये असतो, कार्यक्रमाच्या फलकावर छापलेला असतो. खजिनदार बदलला तरी लोक सवयीनं तिथंच पैसे पाठवत राहतात. सहा महिन्यांनी हिशेब जुळत नाही आणि दोन सरळ माणसांत विनाकारण कडवटपणा येतो. म्हणून पद बदलायच्या आधीच जुना कोड सगळीकडून काढा आणि नव्याचा एकच मेसेज ग्रुपच्या वर चिकटवून ठेवा.

गट नोंदणीकृत नसेल तर त्याच्या नावानं बँक खातं निघणं कठीण असतं. अशा वेळी दोघांच्या संयुक्त नावानं वेगळं बचत खातं काढावं आणि त्यात गटाशिवाय दुसरा एक रुपयाही येऊ-जाऊ देऊ नये. दोघांच्या सहीशिवाय पैसे निघू नयेत, अशी सूचना बँकेला द्यावी.

गट नोंदणीकृत असेल, म्हणजे १८६०च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली, तर काम जास्त आहे, पण घाबरण्यासारखं नाही. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली दाखल करावा लागतो. सोबत सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा, हजेरीच्या सह्या, ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांची संमतीपत्रं तयार ठेवा. नोटीस किती दिवस आधी द्यायची ते आपल्या संस्थेच्या घटनेत लिहिलेलं असतं. ती घटना कपाटातून काढून एकदा खरंच वाचा. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो आणि काम लांबतं.

त्याच्याही आधी परिशिष्ट एकचा उतारा काढून बघा. सध्या नोंदवहीवर कुणाची नावं आहेत ते त्यात दिसतं. मागच्या कुठल्या तरी बदलाचा अर्ज कुणी केलाच नसेल तर तिथं अजून पहिल्या कार्यकारिणीचीच नावं असतात, आणि मग साखळी पहिल्यापासून जोडत यावी लागते. हे नव्यांच्या डोक्यावर टाकू नये. जुन्यांनी स्वतः निस्तरून मगच सोपवावं. बँकही सहीचे अधिकार बदलताना ठराव आणि नव्या लोकांची ओळखीची कागदपत्रं मागते, शिवाय बदल अर्जाची पोचही मागू शकते.

शिल्लक रोकड दोघांसमोर मोजून दोघांच्या सह्या घ्या. देणी लपवू नका. मांडववाल्याचे राहिलेले पैसे, हॉलची न मिळालेली अनामत, कुणी खिशातून घातलेली रक्कम, सगळं लिहा. सामानाचीही यादी करा: ताडपत्री, पातेली, दोरखंड, कॅरम, प्रथमोपचार पेटी, आणि प्रत्येक वस्तू कुणाच्या माळ्यावर आहे ते. प्रथमोपचार पेटी उघडून औषधांच्या तारखा बघा. गटाचा ईमेल असेल तर नुसता पासवर्ड देऊन भागत नाही. तो परत मिळवायचा मोबाईल नंबरही बदलावा लागतो, नाहीतर प्रत्येक वेळी ओटीपी जुन्या सचिवाच्या फोनवर येतो आणि तो नेमका शेतात असतो.

पायरी ७ : सभा

सभेत आता फारसं काही करायचं उरत नाही, कारण काम आधीच हातात गेलेलं आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, नवी कार्यकारिणी, पुढच्या वर्षाचा आराखडा, या क्रमानं विषय घ्या. कार्यकारिणीचा विषय नोटिशीत स्पष्ट लिहा. "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" या ओळीखाली तो कधीही घेऊ नका. सूचक जुन्यातला आणि अनुमोदक नव्यातला असला तर चांगलं दिसतं. पुढच्या वर्षाचा आराखडा मात्र नव्यांनीच मांडावा, आणि त्यावर जुन्यांपैकी कुणीही पहिलं बोलू नये.

जुन्यांचा सत्कार जरूर करा. फेटा बांधा, शाल-श्रीफळ द्या, त्यांच्या घरच्यांनाही बोलवा. इतक्या रविवारांचा हिशेब त्यांच्या घरानं दिलेला असतो. फक्त आधी वह्या, चाव्या, पावतीपुस्तकं टेबलावर हातात द्या आणि मग फेटा बांधा. उलट केलं की चाव्या घरीच राहतात.

जुन्या अध्यक्षाला "मार्गदर्शक" करून वर बसवायची आपल्याकडं पद्धत आहे. माझं मत तिच्या विरुद्ध आहे. कामाची हद्द नसलेला मार्गदर्शक असला की प्रत्येक निर्णय आधी त्याच्या घरी जातो. सल्लागार नेमायचाच असेल तर एका वर्षासाठी नेमा, त्याला मत नसावं, आणि विचारलं तरच त्यानं सांगावं. हे ठरावातच लिहा. लिहिलेलं असलं की त्याचाही मान राहतो.

पायरी ८ : पहिलं वर्ष

सभेच्या रात्रीच नव्या दोघांना ग्रुपचं ॲडमिन करा आणि जुन्यांनी ॲडमिनपद सोडा. मुलांची नावं, जन्मतारखा, रक्तगट, ॲलर्जी, घरचे पत्ते अशी यादी जुन्यांच्या फोनमध्ये आणि लॅपटॉपवर असते. ती नव्यांना देऊन झाली की स्वतःकडची पुसून टाका. दुसऱ्याच्या लेकरांची माहिती गरज संपल्यावर जवळ ठेवू नये.

लोक तुम्हालाच फोन करत राहतील. "काका, यंदा बस कुठनं सुटणार?" उत्तर माहीत असलं तरी देऊ नका. "आता ते दोघं बघतात, त्यांना विचार," एवढंच सांगा. महिन्या-दोन महिन्यांत फोन योग्य जागी जायला लागतात. तुम्ही एकदा उत्तर दिलंत तर वर्षभर देत बसाल.

नव्यांना एक विनंती. पहिल्या वर्षी बदल एकच करा, पण तो ठळक करा. वेळ बदला, जागा बदला, नाश्ता बदला, काहीही. सगळं एकदम बदललं की काय जमलं आणि काय फसलं ते तुम्हालाच कळत नाही. जुन्यांना रिकामं बसवू नका. ज्याच्या हाताला लाकूडकाम आहे त्याच्याकडून मुलांना पतंग, भोवरे करायला शिकवा. जो लाल मातीत खेळलेला आहे त्याला मुलांना घेऊन खासबाग कुस्ती मैदान दाखवायला सांगा. १९१२ सालापासूनचं ते मैदान आहे, सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्यांची कॉलेजात गेलेली मुलं सुट्टीला आली की त्यांना सहलीला न्या. आठ वर्षांच्या पोराला पन्नाशीतल्या काकापेक्षा वीस वर्षांचा दादा जास्त आवडतो.

एक बदल हमखास पुढं येईल: गट सगळ्या पालकांचा करायचा, आयांनाही घ्यायचं. तरुण घरांत दोघंही कमावतात, मूलही दोघं वाढवतात, त्यांना नुसता बाबांचा गट अपुरा वाटणं साहजिक आहे. जुन्यांनी याला आडवं येऊ नये. मी नव्यांना फक्त एवढं सुचवेन की महिन्यातला एक रविवार बाबांचाच राहू द्या. ज्या बापाला घरात आणि चारचौघांत बोलता येत नाही, त्याला ती एकच जागा असते.

आणि कुणीच पुढं आलं नाही तर

तेही होतं. सगळं करून बघितलं आणि दिवाळी ते जून या काळात कुणी काम उचललं नाही, तर जुन्यांनी रेटत राहू नये. एक वर्ष फक्त रंकाळ्यावरचा रविवार चालू ठेवा, वर्गणी नाही, सहली नाहीत, पदं नाहीत. जो येईल त्याच्यासोबत चालायचं. बऱ्याचदा यातूनच नवे दोघं सापडतात.

नाहीच सापडले तर रीतसर बंद करा. अनोंदणीकृत गट असेल तर देणी भागवा, उरलेल्या पैशांचं काय करायचं ते सगळ्यांना विचारून ठरवा आणि तो हिशेब ग्रुपवर टाका. नोंदणीकृत संस्था असेल तर विसर्जनाच्या ठरावाला १८६०च्या कायद्यानुसार किमान तीन-पंचमांश सभासदांची संमती लागते, आणि देणी भागवून उरलेले पैसे किंवा सामान सभासदांना आपसांत वाटून घेता येत नाही, ते दुसऱ्या संस्थेकडंच द्यावं लागतं. ती संस्था मुलांसाठी काम करणारी निवडा, आणि ताडपत्री, पातेली, कॅरम यांच्यासोबत ती दोनशे पानी वहीही त्यांना द्या.